आयर्लंडच्या नकाशाची साक्ष

(अभ्यासमंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आज मी आपणांपुढे धर्मभेदाविषयी बोलणार आहे. परंतु धर्मग्रंथ हाती घेऊन नव्हे, तर नकाशा हाती घेऊन. माझा व्यवसाय वकिलीचा. जमिनीच्या दाव्यात दोन्ही पक्ष आपापल्या परीने शपथेवर सांगत असतात, आणि अखेरीस न्यायालय मोजणीचा नकाशा मागते. म्हणून नकाशाची किंमत मला ठाऊक आहे. पण नकाशा हाही एक साक्षीदारच होय, आणि उलटतपासणी झाल्यावाचून कोणत्याही साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरावयाची नसते. नकाशाला चार प्रश्न विचारावयाचे असतात. तो कोणी काढला? केव्हा काढला? कोणत्या हेतूने काढला? आणि त्यात हद्द कोणती धरली? हे चार प्रश्न आपण ध्यानात ठेवावेत. आजच्या माझ्या भाषणाचा सारा भार त्यांवरच आहे.

एकाच भूमीवर दोन धर्मांचे लोक शेकडो वर्षे शेजारी राहतात आणि तरीही त्यांची वस्ती निराळी, शाळा निराळी, दफनभूमी निराळी असते. असे का व्हावे, असे विचारले म्हणजे लोक सांगतात की त्यांचे धर्मच तसे आहेत, त्याला कोण काय करणार! हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. ते उत्तर खरे की खोटे हे तपासण्यासाठी मी आयर्लंड देशाचे उदाहरण घेतो.

आयर्लंडच का, असे आपण विचाराल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1940 च्या अखेरीस पाकिस्तानच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि 1945 साली तो वाढवून 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात त्यांनी धर्मवार लोकसंख्येचे तक्ते दिले, नकाशे जोडले आणि आयर्लंडच्या फाळणीचा दाखलाही विचारात घेतला. धर्माच्या वादात भावनेला बाजूस सारून तक्ता व नकाशा पुढे ठेवावा, ही शिस्त त्यांनी आपणांस घालून दिली आहे. त्याच वाटेने आपण आज थोडे चालू.

आयर्लंडातील भांडण कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील. दोघेही ख्रिस्ताला मानणारे. कॅथॉलिक हे तेथील बहुसंख्य जुने रहिवासी. प्रॉटेस्टंटांत दोन मुख्य पंथ: इंग्लंडच्या राजसत्तेचे पाठबळ असलेले सरकारी चर्च, आणि स्कॉटलंडकडून आलेले प्रेस्बिटेरियन. 1609 पासून इंग्रज सरकारने उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात इंग्लिश व स्कॉटिश प्रॉटेस्टंटांची वसाहत पद्धतशीरपणे केली. तेथून ही कथा सुरू होते.

आता नव्या साधनाविषयी दोन शब्द. गेल्या काही दशकांत इतिहासाचे अभ्यासक संगणकावर नकाशे करू लागले आहेत. त्याची रीत समजण्यास कठीण नाही. पारदर्शक कागदाचे अनेक ताव एकावर एक ठेवल्याची कल्पना करा. एका तावावर 1834 च्या गणतीतील धर्मवार आकडे आहेत, दुसऱ्यावर 1911 च्या शिरगणतीतील, तिसऱ्यावर जमिनीची मालकी, चौथ्यावर दंगलीत माणसे कोठे मेली ती ठिकाणे. प्रत्येक आकडा पृथ्वीवरील त्याच्या नेमक्या जागेशी बांधलेला असतो. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचा ताव आजच्या तावावर बरोबर बसतो. जी गोष्ट शंभर जाड ग्रंथांत विखुरलेली असते ती एका दृष्टिक्षेपात दिसते. लँकेस्टर विद्यापीठातील इयन ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने आयर्लंडच्या धर्मभेदाचा अभ्यास करून 2013 साली 'ट्रबल्ड जिऑग्राफीज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सतराव्या शतकात वसाहत करताना धर्माची जी विभागणी भूमीवर उमटली, तिचा ठसा पुढे शतकानुशतके टिकून राहिला, हे त्या नकाशांतून दिसते.

ठसा टिकला, हे खरे. परंतु तो कशाने टिकला? येथे उलटतपासणी सुरू करावयास पाहिजे.

पहिला साक्षीदार म्हणून मी 'डाउन सर्व्हे' नावाची मोजणी पुढे आणतो. क्रॉमवेलच्या सैन्याने आयर्लंड जिंकल्यानंतर 1656 ते 1658 या काळात विल्यम पेटी याने ही मोजणी केली. संपूर्ण देशाच्या पातळीवर इतकी तपशीलवार मोजणी जगात त्यापूर्वी झाली नव्हती. तिचा हेतू काय होता? कॅथॉलिकांच्या जप्त केलेल्या जमिनी मोजून त्या सैनिकांना पगारापोटी आणि युद्धाला कर्ज देणाऱ्या सावकारांना परतफेडीपोटी वाटून देणे, हा तिचा हेतू. म्हणजे हा नकाशा ज्ञानासाठी जन्मला नाही. तो जप्तीच्या हुकुमाचे परिशिष्ट म्हणून जन्मला. त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. 1641 साली आयर्लंडच्या जमिनीपैकी सुमारे 60 टक्के जमीन कॅथॉलिकांकडे होती. 1688 साली ती सुमारे 22 टक्क्यांवर आली आणि 1703 साली सुमारे 14 टक्के उरली. साठाचे चौदा व्हावयास पुरती त्रेसष्ट वर्षेही लागली नाहीत.

या मोजणीच्या मूळ कागदांचे नशीबही ऐकण्यासारखे आहे. काही कागद 1711 च्या आगीत गेले, उरलेल्यांपैकी बरेच 1922 साली डब्लिनच्या दप्तरखान्याच्या आगीत जळाले. बॅरनी नावाच्या विभागांच्या नकाशांचा एक संच 1707 साली जहाजातून लंडनला जात असता फ्रेंचांच्या हाती लागला. तो आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या अभ्यासकांनी ठिकठिकाणच्या प्रती शोधून एकत्र केल्या, त्या आजच्या नकाशावर बसवल्या, आणि 1641 साली कोणत्या जमिनीचा मालक कॅथॉलिक होता व 1670 साली तीच जमीन कोणाकडे गेली, हे कोणालाही पाहता येईल असे खुले केले. ज्या नकाशाने जमीन हिरावली, तोच नकाशा आज हिरावणाऱ्याविरुद्ध साक्ष देतो आहे. वकील म्हणून मला यात एक बोध दिसतो. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा कागद जाळू नये. तो जपून ठेवावा.

दुसरा साक्षीदार म्हणजे कायदा. 1704 च्या कायद्याने कॅथॉलिकास जमीन विकत घेण्यास बंदी केली आणि 31 वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही त्यास मिळू नये असे ठरवले. कॅथॉलिक बाप मेला की त्याची जमीन सर्व मुलांत वाटली जाऊन तिचे तुकडे पडावेत; मात्र थोरला मुलगा सरकारी चर्चमध्ये गेला तर सारी मिळकत त्याची व्हावी आणि बाप जिवंत असतानाच तिचा केवळ हयातीपुरता उपभोक्ता उरावा, अशी तरतूद होती. 1728 साली कॅथॉलिकांचा मताधिकार गेला. तो 1793 साली परत मिळाला. पार्लमेंटचे दार त्यांस 1829 साली उघडले. वकिलीचा व्यवसायही त्यांस 1792 पर्यंत बंद होता. त्यामुळे धर्म बदलणाऱ्यांत जमीनदारांबरोबर माझे व्यवसायबंधूही बरेच होते, हे मला येथे कबूल केले पाहिजे.

आता विचार करा. धर्मांतर करणाऱ्यास मिळकत, मत व पेशा. न करणाऱ्यास यांपैकी काही नाही. एवढे आमिष आणि एवढा धाक असल्यावर देशाचा धर्म बदलला असेल असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर आकडे देतात. 1831 च्या शिरगणतीच्या आधारे 1834 साली एका सरकारी आयोगाने पॅरिशवार, म्हणजे चर्चच्या लहानात लहान विभागवार, धर्माची गणना केली. 79,43,940 लोकसंख्येपैकी कॅथॉलिक निघाले 64,27,712, आणि सरकारी चर्चचे अनुयायी 8,52,064. शंभरातील एक्याऐंशी माणसे कॅथॉलिकच राहिली होती! जमिनीची मालकी नकाशावर पुसली गेली, परंतु माणसांच्या अंतःकरणातील धर्म पुसला गेला नाही. आमिषाने मिळवलेले धर्मांतर मूठभर मिळकतदारांपुरते राहते. समाज हलतो तो केवळ स्वतःच्या विचाराने. आपल्या घरात दीक्षा झालेल्या प्रत्येकाने हे आकडे लक्षात ठेवावेत.

या गणनेचा दुसराही उपयोग झाला. सरकारी चर्चचे अनुयायी मूठभर, आणि त्याच्या खर्चाचा भार मात्र अन्यधर्मी कुळांवरही, ही गोष्ट आता कोणास नाकारता येईना. 1861 साली आयर्लंडच्या शिरगणतीत प्रथमच धर्माचा प्रश्न विचारला गेला. 57,98,967 लोकांपैकी 45,05,265 कॅथॉलिक आणि 6,93,357 सरकारी चर्चचे, असा हिशेब निघाला. आठ वर्षांत, 1869 साली, त्या चर्चचा सरकारी दर्जा काढून घेणारा कायदा पार्लमेंटने केला. शिरगणतीचा रकाना हा दुबळ्याच्या हातातील पुरावा कसा होऊ शकतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरा साक्षीदार सीमेचा. 1920 च्या कायद्याने आयर्लंडचे दोन भाग करण्याचे ठरले. अल्स्टर प्रांतात नऊ परगणे होते. 1911 च्या शिरगणतीप्रमाणे नऊ परगणे धरले तर कॅथॉलिक सुमारे 44 टक्के होते; सहाच परगणे धरले तर ते सुमारे एकतृतीयांश होत होते. सहा परगणे धरण्यात आले. त्या सहांतही फर्मॅना आणि टायरोन या दोन परगण्यांत कॅथॉलिकांचे बहुमत होते. तरी ते उत्तर आयर्लंडातच ठेवले गेले. सीमेचा फेरविचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम 1925 साली गुंडाळले गेले, रेषा होती तशीच राहिली, आणि आयोगाचा अहवाल लोकांसमोर आला तो 1969 साली. येथे आपला चौथा प्रश्न आठवा: हद्द कोणती धरली? प्रांत धरला तर एक चित्र, परगणा धरला तर दुसरे, गाव धरले तर तिसरे. बहुसंख्य कोण आणि अल्पसंख्य कोण हे पुष्कळदा जन्माने ठरत नाही. ते हद्द आखणाऱ्याच्या लेखणीने ठरते.

ही लेखणी एका शहरात कशी चालली ते डेरी येथे पाहा. उत्तर आयर्लंडातील हे कॅथॉलिक बहुसंख्येचे शहर. 1967 सालचे तेथील नगरपालिकेचे आकडे लॉर्ड कॅमरन यांच्या सरकारी आयोगाने 1969 च्या अहवालात दिले आहेत. शहराचे तीन प्रभाग होते. दक्षिण प्रभागात कॅथॉलिक मतदार 10,047 आणि इतर 1,138, जागा आठ. उत्तर प्रभागात कॅथॉलिक 2,530 आणि इतर 3,946, जागा आठ. वॉटरसाइड प्रभागात कॅथॉलिक 1,852 आणि इतर 3,697, जागा चार. बेरीज करा. कॅथॉलिक मतदार 14,429, इतर 8,781. आणि जागा? प्रॉटेस्टंट युनियनिस्ट पक्षाला बारा, विरोधकांना आठ. कोणाचे मत चोरले नाही, कोणाची पेटी फोडली नाही. केवळ कॅथॉलिकांना एका प्रभागात कोंबले आणि उरलेल्यांचे दोन प्रभाग केले. सारे कायदेशीर!

यात आणखी एक गोम होती. स्थानिक निवडणुकीत मत घरमालकास, भाडेकरूस व त्यांच्या पती-पत्नीस असे. घरात राहणाऱ्या सज्ञान मुलांस व पोटभाडेकरूंस ते नसे. म्हणजे ज्यास घर त्यास मत. मग नगरपालिकेची घरे कोणास द्यावयाची, आणि कोणत्या प्रभागात बांधावयाची, हा प्रश्न निवाऱ्याचा न राहता सत्तेचा झाला. कॅथॉलिकास दुसऱ्या प्रभागात घर दिले तर त्या प्रभागाचे बहुमत ढळेल, म्हणून ते द्यावयाचे नाही. वेगळी वस्ती धर्माने घडली असे जे म्हणतात त्यांनी हे पाहावे. ती मतदारयादीने घडवली होती.

या अन्यायाविरुद्ध 1967 साली नागरी हक्क संघटना स्थापन झाली. एका माणसास एक मत, घरवाटपात न्याय, नोकरीत समान संधी, या तिच्या मागण्या होत्या. 5 ऑक्टोबर 1968 रोजी डेरीतील मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. पुढील हकीकत दुःखाची आहे. 30 जानेवारी 1972 रोजी त्याच शहरात सैन्याच्या गोळीबारात 13 नि:शस्त्र माणसे मेली. चौदावा जखमी पुढे मरण पावला. सुमारे तीस वर्षांच्या हिंसाचारात दोन्ही बाजू मिळून सुमारे 3,500 माणसे गेली. त्यांतील सुमारे दीड हजार एकट्या बेलफास्ट शहरात. संगणकाने ही मरणे नकाशावर मांडली तेव्हा दिसले की त्यांचा मोठा भाग दोन वस्त्यांच्या मधल्या शिवेजवळ पडतो. 1969 पासून या शिवेवर भिंती उभ्या केल्या गेल्या. त्यांना शांततेच्या भिंती म्हणतात. 1998 च्या करारानंतरही त्यांतील अनेक आजही उभ्या आहेत.

येथे नकाशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी पक्षपाती वकील ठरेन. नकाशावर एक वस्ती हिरवी आणि दुसरी नारिंगी रंगवली की त्या हिरव्या भागात राहणारे नारिंगी कुटुंब दिसेनासे होते. दोन्ही धर्मांचे लोक जेथे गुण्यागोविंदाने राहत होते त्या गल्ल्या सरासरीत बुडून जातात. उत्तर आयर्लंडात 1971 पासून शिरगणतीची माहिती एक किलोमीटरच्या चौकोनांतही उपलब्ध झाली, त्यामुळे हा दोष काहीसा कमी झाला. परंतु माणसाने उत्तरच दिले नाही तर चौकोन काय करणार? 1971 आणि 1981 साली अनेक कॅथॉलिकांनी धर्माचा प्रश्न रिकामा सोडला, आणि 1981 साली तर डेरीत शिरगणतीचे कागद गोळा करणाऱ्या एका तरुण स्त्रीची हत्या झाली. म्हणून नकाशावरील कोरी जागा ही रिकामी जागा समजू नये; पुष्कळदा तेथे भीती राहत असते.

तरीही या साक्षीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. जमीन कायद्याने गेली, मत कायद्याने गेले, हद्द कायद्याने आखली, घर कायद्याने नाकारले. आणि मग या साऱ्याचा दोष धर्माच्या माथी मारला गेला. जे कायद्याने झाले ते कायद्याने बदलता येते, ही यातील आशेची बाजू होय. 1969 साली स्थानिक निवडणुकीत सर्व सज्ञानांस मत मिळाले. डेरीची ती नगरपालिका त्याच वर्षी बरखास्त झाली. 1971 च्या कायद्याने घरवाटप नगरपालिकांकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिले. 1973 साली स्थानिक निवडणुका प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने झाल्या. 1976 आणि 1989 साली नोकरीतील धर्मभेदाविरुद्ध कायदे झाले. 2021 च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडात कॅथॉलिक असलेले वा त्या घरात वाढलेले 45.7 टक्के आणि प्रॉटेस्टंट 43.5 टक्के भरले. 1920 साली जे बहुमत कायम राहावे म्हणून रेषा ओढली होती, ते शंभर वर्षांनी उरले नाही. आणि तरीही त्या निकालाने आकाश कोसळले नाही, कारण दरम्यान मत, घर आणि नोकरी यांना कायद्याचे संरक्षण मिळाले होते.

आता वाचकहो, आपल्या घराकडे वळू. आपल्या गावाचा नकाशा आपण पाहिला असेल. आपली वस्ती गावठाणाच्या बाहेर, वेशीपलीकडे कोणी आणि का ठेवली, हे मी आपणांस सांगावयास नको. मी आपणांस तीन कामे सांगतो.

पहिले काम रकान्याचे. 1951 च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर बौद्ध म्हणून 2,487 माणसे नोंदली गेली होती. 1956 च्या दीक्षेनंतर, 1961 साली, ती सुमारे 27 लक्ष 89 हजार झाली. आयर्लंडातील कायदा धर्म बदलणाऱ्यास मिळकत देत होता. आपल्या पूर्वजांनी 'बौद्ध' असे सांगितले तेव्हा केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती जाणार होत्या, हे ठाऊक असूनही सांगितले. तो अन्याय 1990 च्या दुरुस्तीने दूर झाला. आज धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. म्हणून गणना करणारा दारी येईल तेव्हा भिऊन वा संकोचून रकाना कोरा सोडू नका. धर्मही सांगा आणि विचारल्यास अनुसूचित जातीची नोंदही करून घ्या. राखीव जागांचे प्रमाण त्याच आकड्यांवर ठरते.

दुसरे काम हद्दीचे. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची प्रभागरचना होते तेव्हा तिचा आराखडा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या जातात. हरकतीची मुदत थोडी असते. त्या मुदतीत आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी तो नकाशा पाहावा, वस्ती दोन तुकड्यांत फोडली आहे काय किंवा एकाच प्रभागात कोंबली आहे काय हे मोजावे, आणि लेखी हरकत द्यावी. डेरीच्या तीन प्रभागांची बेरीज करावयास पाचवीचे गणित पुरते.

तिसरे काम कागदाचे. सात-बाराचे जुने उतारे, इनामाच्या व वतनाच्या नोंदी, शाळेचे दाखले, दीक्षेची प्रमाणपत्रे ट्रंकेत कोंबून ठेवू नका. त्यांच्या प्रती करा, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. दप्तरखाने जळतात, हे आयर्लंडने पाहिले आहे. उद्या आपल्यातीलच एखादी मुलगी संगणकापुढे बसून आपल्या तालुक्याचा नकाशा करील, तेव्हा तिला आकडे आपणच पुरवले पाहिजेत. दुसऱ्याने काढलेल्या नकाशात आपली जागा शोधण्याचे दिवस पुष्कळ झाले. यापुढे आपला नकाशा आपण काढावा, आणि त्यालाही तेच चार प्रश्न विचारण्याचे धैर्य ठेवावे.

जयभीम.